खंडेनवमी आणि ब्रेलचं यंत्र
झेंडू आणि ओल्या हळदीकुंकवाचा वास आला की माझं डोकं अजूनही तापतं. नागपुरातल्या आमच्या अंधशाळेत मी, स्वतः अंध, मास्तर होतो; तिथे ऐंशीच्या दशकात परदेशातून एक यंत्र आलं होतं. ते खांद्याला अडकवून कुठेही नेता येई. कळा दाबून लिहिलं की पट्टीवर ब्रेलच्या ठिपक्यांसारख्या बारीक टाचण्या वर येत आणि लिहिलेलं बोटांनी वाचता येई. त्याचा प्रोग्रॅम समजून घेण्यात माझा अख्खा पावसाळा गेला. खंडेनवमीला दुपारी देणगीदार येणार होते; मला ते चालवून दाखवता आलं नाही, तर यंत्र परत जाणार होतं. मी बसलो, तर लिहावं एक आणि बोटाखाली यावं भलतंच. बंद केलं, चालू केलं, प्रोग्रॅम पुन्हा भरला, तो बनवणाऱ्याला शिव्या घातल्या. देणगीदार कंटाळून यंत्र घेऊन उठले, तेव्हा मला बोटं चिकट लागली. नाकाशी नेली, तर हळदीकुंकू! टाचण्या त्यातच अडकल्या होत्या. "हे काय गा?" मी शिपायाला विचारलं. "सकाळी पूजा केली नं, मास्तर. पट्टी तवापासून लाल दिसून राहिली. सगळ्यांनीच पाहिली. वाटलं, तुमाले माहीत असन." आता खंडेनवमीला माझ्या फोनची पूजा मीच करतो, आणि कुंकू त्याच्या पाठीला लावतो.