लसणाच्या वासाच्या अळ्या

आमच्या घरात कुठलीच वस्तू आणलेल्या पुडीत राहत नाही. पिशवी उतरली की लगेच डब्यात भरायची. हा कायदा बायकोने जिऱ्या-मोहरीला लावावा, माझी काही तक्रार नाही. पण माझ्या गळाच्या अळ्यांना?

या अळ्या रबरासारख्या मऊ आणि नकली असतात. मासा वासावर येतो, म्हणून त्या लसणाच्या वासाच्या तेलात, आपापल्या पाकिटात, झिप घट्ट लावून ठेवायच्या. हे मी घरात शंभरदा सांगितलं असेल. तरी रविवारी तापीवर निघालो तर पाकिटं गायब! सगळ्या अळ्या एका प्लास्टिकच्या डब्यात कोंबलेल्या. लाल, हिरव्या, काळ्या, उन्हाळ्यात वितळून एकमेकींना चिकटलेल्या. डब्याचा तळसुद्धा चिकट झालेला. माझं डोकंच फिरलं.

"दिमाग आहे की नाही तुला?" मी ओरडलो. "पाकिटं कुठे फेकलीस?"

"फेकू कशाला? चांगली झिपची होती," ती शांतपणे कांदा चिरत म्हणाली. "साबणाने दोनदा धुतली. मेला वास काही जाईना. शेवटी तशीच वाळवली आणि जिरं भरून ठेवलं. आठ दिवस झाले."

आणखी ओरडायला मी तोंड उघडलं आणि एकदम आठवलं. आठ दिवस रोज जेवताना मीच तर म्हणत होतो, आजकाल वरणाला लसणाची फोडणी काय मस्त बसतेय!