माफीचा रकाना

मी आजवर पुष्कळ सॉफ्टवेअर लिहिलं आणि त्यातलं बहुतेक कुणी नीट उघडूनही पाहिलं नाही. अमेरिकेच्या कोर्टापर्यंत पोचलं ते एकच, आणि त्यातही गाजला तो फक्त एक चौकोन. बरोबरची खूण करायचा साधा चौकोन. त्याच्यासमोर लिहिलं होतं: माफी मागितली.

मी पुण्याहून योकोहामाला दोन वर्षांच्या कंत्राटावर आलो आणि राहूनच गेलो. आमची कंपनी घरगुती वापराच्या विजेच्या लहानसहान वस्तू बनवते. मला पहिलं मोठं काम मिळालं ते तक्रार विभागाचं. तिथल्या प्रमुख एक पन्नाशी ओलांडलेल्या बाई होत्या. जपानी ऑफिसात वरिष्ठांना हुद्द्याने हाक मारतात, म्हणून मी त्यांना कायम ‘काचो’ म्हणालो, म्हणजे विभागप्रमुख. त्या मला ‘सिस्टिम-सान’ म्हणायच्या, म्हणजे सिस्टिमराव. एकट्या माणसाला अख्ख्या खात्याचं नाव मिळालं की त्याने तक्रार करू नये.

पहिल्याच बैठकीत मी विचारलं, “तक्रार बंद करायचं बटण कधी चालू व्हायला हवं?”

“माफी मागून झाल्यावर,” काचो म्हणाल्या.

“आणि चूक गिऱ्हाइकाची असेल तर?”

“तरीही.”

“समजा त्याने आपली वस्तू कपड्यांबरोबर वॉशिंग मशीनमध्ये घातली.”

“तर आधी माफी, मग सूचना.”

मी ज्या शहरात वाढलो तिथे गिऱ्हाइकाने दुकानात शिरल्याबद्दल माफी मागावी अशी साधारण अपेक्षा असते. त्यामुळे मला हे सगळं फार सुसंस्कृत वाटलं. मी चौकोन केला, आणि त्यात खूण केल्याशिवाय तक्रार बंदच होणार नाही अशी तजवीज केली. त्या तजविजीचा मला अभिमानही होता. शेजारी शेऱ्यांसाठी एक मोकळा रकाना ठेवला. मोकळे रकाने कुणी वाचत नाही, पण ते नसले तर लोक हिरमुसतात.

पुढे काही वर्षांनी कंपनीने थंडीत खिशात ठेवायचं, चार्ज करून हात शेकायचं एक यंत्र काढलं. साबणाच्या वडीएवढं, गुळगुळीत, हातात धरावंसं वाटणारं. ते अमेरिकेत एका मोठ्या ऑनलाइन बाजारावरून भरपूर खपलं. त्यातली काही यंत्रं ठरल्यापेक्षा जास्त तापली. कुणाचा कोट जळाला, कुणाची मांडी भाजली. आणि मग खटले आले.

अमेरिकेत असे खटले एकेकटे येत नाहीत. तिथले वकील जाहिरात देऊन भाजलेली माणसं गोळा करतात आणि देशभरातले दावे एका न्यायाधीशासमोर आणून ठेवतात. मग त्यातले दोन-चार नमुन्यादाखल चालवून बघतात. न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावालाही फोनवर ती जाहिरात दिसली. त्याने लगेच मला फोन केला. “तुमचीच कंपनी ना रे ही? माझ्याकडे आहे एक. अजून भाजलं नाही, पण आशा सोडलेली नाही.”

ऑनलाइन बाजारवाल्यांचं म्हणणं होतं, आम्ही नुसती फळी आहोत, फळीवर काय ठेवलंय त्याच्याशी आमचा संबंध नाही. ही फळी माल स्वतःच्या गोदामात साठवत होती, स्वतःच्या खोक्यात भरून घरपोच देत होती आणि परतही घेत होती. अलीकडे तिथली काही न्यायालयं अशा फळीला दुकानदारच म्हणू लागली आहेत. मुलांना स्क्रीनला चिकटवून ठेवणाऱ्या अ‍ॅपवाल्यांवरही त्याच सुमारास असेच ढीगभर खटले होते, आणि त्यांचंही म्हणणं साधारण हेच. आम्ही फक्त जागा देतो. एवढ्या नम्र जागा मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहिल्या नाहीत.

वादींच्या वकिलांनी आमच्याकडे तक्रारींची सगळी नोंद मागितली. ती मीच काढून दिली. हजारो ओळी, आणि प्रत्येक ओळीत एक खूण: माफी मागितली, हो. दुसरं काही असणं शक्यच नव्हतं, मी तशी सोयच ठेवली नव्हती. कोर्टात दाखल झालेल्या कागदात त्याचा अर्थ असा लावला गेला की कंपनीने आपला दोष हजारो वेळा, तारखेसकट, लेखी कबूल केला आहे.

मी हे घरी सांगितलं तेव्हा बायको पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

“म्हणजे तू बनवलेल्या मशीनने हजारो वेळा सॉरी म्हटलं?”

“तांत्रिकदृष्ट्या, हो.”

“आणि तू स्वतः लग्नाला बारा वर्षं झाली तरी एकदाही नाही. शिक त्याच्याकडून काहीतरी.”

आमची मुलगी टेबलापाशी गृहपाठ करत होती. ती जपानीतच म्हणाली, “बाबा, त्या लोकांना सॉरी म्हटलेलं नको होतं का?” तिच्या प्रश्नाचं उत्तर कंपनीच्या वकिलांकडे होतं, आणि ते तासाच्या हिशेबाने देत होते.

त्यांचं उत्तर असं. जपानमध्ये माफी हा नुसता शिष्टाचार आहे, हवा कशी आहे विचारण्यासारखा, त्यात कबुली नाही, अर्थही नाही. हे कोर्टाला कोण सांगणार? जवळजवळ प्रत्येक नोंदीखाली जिचं नाव होतं ती बाई. काचो शपथेवर सांगतील की आपण मागितलेल्या माफीला काही अर्थ नव्हता. त्या येत्या मार्चमध्ये निवृत्त होणार होत्या. आयुष्यभर एकच काम केलं, आणि शेवटच्या हिवाळ्यात कॅमेऱ्यासमोर ते पोकळ होतं असं सांगायचं.

अमेरिकन खटल्यासाठी जपानात जबानी घ्यायची तर ती टोकियोतल्या अमेरिकन दूतावासात नाहीतर ओसाकातल्या त्यांच्या वाणिज्य दूतावासातच घ्यावी लागते. खोली कित्येक महिने आधी धरून ठेवावी लागते. आम्हाला ओसाकाची मिळाली. मीही साक्षीदार होतो, चौकोनाचा जनक म्हणून. आदल्या दिवशी हॉटेलच्या सभागृहात रंगीत तालीम झाली. अमेरिकेहून आलेले आमचे वकील उंच, प्रसन्न आणि चार बॅगा कागद घेऊन होते. इतका कागद वाचायचा नसतो, तो टेबलावर दिसायचा असतो.

दुभाषी बाईंमार्फत त्यांनी काचोंना नियम सांगितले. उत्तरं तीनच: हो, नाही, आठवत नाही. विचारलं तेवढंच सांगायचं. आणि मुख्य म्हणजे उद्या दिवसभर माफी मागायची नाही.

“समजलं. आधी लक्षात आलं नाही, माफ करा,” काचो म्हणाल्या.

वकिलांनी डोळे मिटून घेतले. दुपारपर्यंत काचोंनी पाणी सांडल्याबद्दल, पेन पडल्याबद्दल, वकिलांना उन्हाच्या बाजूला बसावं लागल्याबद्दल आणि सारखी माफी मागितल्याबद्दल माफी मागितली. दुभाषी बाई प्रत्येक वेळी ती इमानाने इंग्रजीत आणत होत्या.

“बघितलंत?” वकील माझ्याकडे वळून आनंदाने म्हणाले. “अर्थ नाहीच त्याला. उद्या मी विचारीन, ही माफी म्हणजे फक्त पद्धत ना? त्या ‘हो’ म्हणतील. संपलं.”

काचोंनी दुभाषी बाईंकडून हे ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, “सगळ्या माफ्यांबद्दल ‘हो’ म्हणायचं?”

“सगळ्या.”

“काही तशा नव्हत्या.”

“ते कुणी विचारणार नाही,” वकील म्हणाले.

संध्याकाळी आम्ही स्टेशनजवळ उदोन, म्हणजे रशातल्या जाड शेवया, खायला गेलो. मी म्हणालो, “काचो, चौकोन माझा आहे. मी सांगतो की ती खूण करण्यावाचून तुम्हाला गत्यंतरच नव्हतं. सगळं सॉफ्टवेअरवर ढकला. त्याला पेन्शन नाही.”

त्या हसल्या. “सिस्टिम-सान, तो चौकोन मी मागितला होता. तुम्ही तर नको म्हणत होता.”

“मी वॉशिंग मशीनचा मुद्दा काढला होता, एवढंच.”

“बरोबर काढला होता. पुढे खरंच तसा एक माणूस निघाला. त्याला मी माफ करा म्हटलं ते मनापासून नव्हतं. मला हसू येत होतं.” मग त्यांनी वाडगा बाजूला सारला. “पण ज्यांच्या बाबतीत मनापासून होतं, त्यांना उद्या काय म्हणू? ती माणसं हे वाचतील ना?”

वाचतील, मी म्हणालो. त्यांचाच तर खटला होता.

दुसऱ्या दिवशी माझी जबानी अर्ध्या तासात उरकली. वादींची वकील एक ठेंगणी, कोरड्या आवाजाची बाई होती. तिने विचारलं, “माफी न मागता तक्रार बंद करण्याची सोय तुम्ही का ठेवली नाही?” मी म्हणालो, कुणी मागितली नाही. ती पहिल्यांदाच किंचित हसली. मग काचोंची पाळी आली. मला मागच्या खुर्चीवर बसू दिलं.

सकाळ सुरळीत गेली. काचोंनी एकदाही माफी मागितली नाही. आमचे वकील नव्या शिष्याकडे बघावं तसे त्यांच्याकडे बघत होते. दुपारी वादींच्या वकिलीणबाईंनी प्लास्टिकच्या पाकिटातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. हाताने, ब्रशपेनने लिहिलेलं जपानी पत्र, आणि खाली त्याच हातातलं चाचपडत उतरवलेलं इंग्रजी. भाजलेल्या एका बाईने ते जपून ठेवलं होतं.

“हे अक्षर तुमचं?”

“हो.”

“अशी पत्रं तुम्ही सगळ्यांना पाठवत होता?”

आमच्या वकिलांनी हरकत घेतली. ती नोंदली गेली आणि प्रश्न तिथेच राहिला.

“नाही,” काचो म्हणाल्या. “बाकीच्यांना ठरावीक मेल जायची.”

“मग पत्र कुणाला?”

इथे ‘हो’ किंवा ‘नाही’ चालत नव्हतं. ‘आठवत नाही’ चाललं असतं. वकिलांनी त्याच आशेने त्यांच्याकडे पाहिलं. काचोंनी हात मांडीवर ठेवले आणि दुभाषी बाईंना सोपं जावं म्हणून एकेक वाक्य सुटं करून सांगितलं.

“मेल ही पद्धत होती. कुणाला त्रास झाला की आम्ही ती पाठवतो, चूक कुणाचीही असो. पत्र मी तेव्हाच लिहिलं, जेव्हा परत आलेलं यंत्र स्वतः बघितलं आणि चूक आमची आहे अशी माझी खात्री झाली. प्रत्येक पत्राबरोबर एक टिपण कारखान्याला पाठवलं. शेऱ्यात तसं लिहिलंही आहे.”

“अशी किती पत्रं?”

“सुमारे तीस.”

मागे बसून मला तो मोकळा रकाना आठवला. शेऱ्यांचा रकाना दोन्ही बाजूंच्या वकिलांकडे पहिल्या दिवसापासून होता. मीच दिला होता. ज्या रकान्याची बेरीज होते तो सगळ्यांनी वाचला होता, आणि ज्यात एका बाईने इतकी वर्षं माणसामाणसांत फरक केला होता तो कुणीच नाही. मीसुद्धा नाही.

बाहेर आल्यावर आमच्या वकिलांची प्रसन्नता गेलेली होती. “आपला बचाव होता की कुठल्याच माफीला अर्थ नाही,” ते मला म्हणाले. “आता तीस माफ्यांना अर्थ आहे.”

“आणि बाकीच्या हजारोंना नाही, असंही त्याच म्हणाल्या. शपथेवर,” मी म्हणालो. “त्या तिसांना अर्थ आहे म्हणूनच काचोंचं बाकीचं म्हणणं खरं वाटतं.”

त्यांनी मला माझ्या कामाची आठवण करून दिली. माझं काम सॉफ्टवेअर होतं.

काही आठवड्यांनी जबानीची छापील प्रत आली, सोबत सुधारणांचा एक कागद. साक्षीदाराने वाचून काही चुकलं असेल तर पान, ओळ, दुरुस्ती आणि कारण लिहायचं, मग सही करायची. आमच्या वकिलांनी त्यासोबत अतिशय सभ्य पत्र जोडलं होतं. एवढ्या वर्षांपूर्वीचा आकडा कुणालाही नेमका आठवणं कठीण, तेव्हा ‘सुमारे तीस’च्या जागी ‘आकडा सांगता येणार नाही’ अशी दुरुस्ती साक्षीदाराला योग्य वाटू शकेल. संचालकांपैकी एकजण स्वतः खाली येऊन काचोंच्या टेबलाशी उभे राहिले आणि निवृत्तीच्या समारंभाला कोणती फुलं आवडतील ते विचारून गेले. आधी कधी ते त्या मजल्यावर आल्याचं मला आठवत नाही.

काचोंनी प्रत दोन दिवस वाचली. मग मला बोलावलं.

“सिस्टिम-सान, शेऱ्यात ‘पत्र’ असं लिहिलेल्या सगळ्या ओळी काढून द्याल?”

मी काढल्या. मिनिटही लागलं नाही. इतक्या महिन्यांत ही मागणी कुणीच केली नव्हती. चौतीस ओळी निघाल्या, आणि एक सोडून सगळी यंत्रं एकाच हिवाळ्यातल्या मालातली होती. कागद त्यांच्यासमोर ठेवत मी म्हणालो, हे मला वकिलांनाही पाठवावं लागेल.

“पाठवा ना,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या उपयोगाचं आहे. मी एवढी पत्रं लिहिली होती हे माझ्याही लक्षात नव्हतं.”

पुढे त्या हिवाळ्यातल्या मालाचे दावे वेगळे काढले गेले आणि त्यांच्यात तडजोड झाली. बाकीचे अजून चालू आहेत आणि फळीचं म्हणणंही अजून तेच आहे. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी काचोंनी चौतीसच्या चौतीस ओळी बोट ठेवून वाचल्या, दोन ठिकाणी मान हलवली आणि सुधारणांचा कागद पुढे ओढला. पान आणि ओळ लिहिली. ‘सुमारे तीस’च्या जागी ‘चौतीस’ लिहिलं. कारणाच्या जागी थोडा वेळ पेन थांबलं. मग त्यांनी लिहिलं, ‘मोजून पाहिली’, आणि खाली सही केली.