समोरच्या दुकानातली मोठी स्क्रीन

बालाघाटात लग्नाचे अल्बम बनवणारे आम्ही दोघं आपापल्या दुकानांत समोरासमोर बसतो, मी आणि माझा मित्र. एकाच स्टुडिओत हे काम शिकलो. त्याने संगणकाला दुसरी, मोठी स्क्रीन जोडली त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. आमच्याकडे अल्बम बनताना घरचे लोक मागे येऊन बसतात. आत्या म्हणते माझा फोटो मोठा घ्या, मामा म्हणतात मी कुठंच नाही. माझ्याकडे सगळे माझ्या खांद्यावरून माना लांबवून बघायचे. त्याच्याकडे गिऱ्हाईक आरामात खुर्चीत टेकून बघायचं. रस्त्यापलीकडून मला ते दिसायचं आणि जीव जळायचा.

भरवेलीच्या खाणीतल्या एका कामगाराचं कुटुंब थोरल्या मुलीच्या लग्नाचे फोटो घेऊन आलं, तेव्हा मला राहवलं नाही. घरात अजून दोन मुली लग्नाच्या होत्या. हा अल्बम आवडला तर पुढची दोन्ही कामं माझी, नाहीतर रस्ता ओलांडायला त्यांना कितीसा वेळ लागणार? मित्राला न सांगता मी गोंदियाला गेलो आणि त्याच्याहून मोठी फोर-के स्क्रीन घेऊन आलो.

मंडळी येऊन बसली. नुसती अल्बमची पानं दाखवून माझं समाधान कुठलं व्हायला! नव्या स्क्रीनवर मी लग्नाचा व्हिडिओ लावला आणि जुनीवर पानं जुळवत बसलो. संगणक जुना, त्यात चित्रांचा भार उचलायला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. नव्या स्क्रीनवर जुनीच्या चौपट ठिपके, त्यावर चालता व्हिडिओ, इकडे ढीगभर फोटो उघडे. थोड्याच वेळात माउस अडखळायला लागला. नवरदेव हार घालता घालता थांबला तो थांबलाच.

"भाऊ, हे काहून अटकून राह्यलं?" मुलीच्या आईने विचारलं.

"होते, होते," मी म्हणालो. मी माउस इकडेतिकडे फिरवत राहिलो.

मुलीचे वडील उठून बाहेर गेले आणि समोर मोठी स्क्रीन दिसली म्हणून तिथून माझ्या मित्रालाच घेऊन आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने व्हिडिओ बंद केला, नव्या स्क्रीनचं रेझोल्युशन उतरवून ठिपके जुनीइतके केले. संगणक सुरळीत चालू लागला.

"तुया मशीनले येवढं नाही झेपत बे. मायी स्क्रीनबी मी कमीवरच चालवतो," तो म्हणाला. "घ्यायले गेलता तं मले काहून नाही सांगितलं? मीबी आलो असतो ना."

मी मान खाली घालून पानं जुळवायला लागलो.

"तुमीबी अल्बम बनवता का, भाऊ?" मुलीच्या वडिलांनी त्याला विचारलं. संपलं, मी मनात म्हणालो.

"हौ, बनवतो. पण कोणता फोटो कुठं लावाचा, ते याले माह्याहून चांगलं समजते. बाकीच्या पोरींचंबी यालेच द्या."

काम माझ्याकडेच राहिलं. मंडळी पुन्हा फोटो निवडायला लागली. मित्र दारात थोडा थांबला. मला एवढंच कळत होतं, की त्याच्या जागी मी असतो तर हे बोललो नसतो. मला सगळा राग त्याचाच आला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.