सात विहिरींचा जबाब

ते प्रकरण आठवले, की आजही मी स्वतःचीच उलटतपासणी घेतो.

इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर पस्तिशीतला शेतकरी घरीच मरण पावला होता. तोंडाला फेस, घशात आचके. त्याचा थोरला भाऊ ठाण्यात आला. "भावजयीनं इख घातलं, साहेब. सोडू नका तिला." आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. शवविच्छेदन झाले, व्हिसेरा तपासणीला गेला. अहवालाला वेळ लागणार होता.

मृताच्या बायकोला महिला शिपायासमोर चौकशीला बसवले. सकाळी बोलवायचे, संध्याकाळी सोडायचे. असे दोन दिवस.

"तुझा दीर सांगतो, त्याला पाणीसुद्धा दिलं नाहीस. का?"

"दिलं की. पाणी बघितलं की वरडायचे वो."

"त्याआधी काय झालं होतं?"

त्यावर ती गप्प. डावा हात पदराखाली घट्ट धरलेला. काही दडवणारा माणूस हात लपवतो, असा माझा अनुभव. मी तो तिच्याविरुद्ध धरला.

तिसऱ्या दिवशी तिला पुन्हा आत बसवले होते, तेव्हा शेजारचे तात्या जबाब द्यायला आले.

"महिन्यामागं दोघं नवरा-बायको विहिरी बघत हिंडत हुती."

"जीव द्यायला?"

"जीव द्यायला एक विहीर बास हुती की, साहेब! ह्यांनी सात बघितल्या."

हवालदार हसला. मला हसू येईना. लहानपणी कुत्रे चावल्यावर माझ्या आईनेही मला सात विहिरींत डोकवायला लावले होते. सव्वा महिना त्याबद्दल कुणाशी बोलायचे नाही, नाहीतर गुण येत नाही, असे बजावले होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. ते सगळे मी विसरून गेलो होतो.

आत जाऊन म्हणालो, "ताई, हात दाखवा."

मनगटावर दातांचे व्रण होते.

"घरचंच कुत्रं हुतं. ह्यांच्या तोंडाला चावलं. सोडवाया गेले तर मलाबी. चार दिसांनी कुत्रं मेलं."

"आणि दवाखाना?"

"सव्वा महिना व्हायचाय अजून. बोलायचं नसतं."

जबाब अर्धवट ठेवून तिला जीपने जवळच्या सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, "उशीर झालाय, पण लक्षणं नाहीत. आत्ता लस सुरू करू."

सुई टोचून झाल्यावर तिने हळूच विचारले, "हे औषध तवाबी हितं हुतं का?"

"होतं, ताई. फुकट मिळतं."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. "सातवी विहीर त्या कुंपणापल्याडच हाय," म्हणाली. मग रडली. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

ती वाचली. शवविच्छेदनाच्या अंतिम अहवालात रेबीज निघाला, प्रकरण बंद झाले. थोरला भाऊ पुन्हा ठाण्याकडे फिरकला नाही.

महिनाभर तिने रूढीपायी गप्प राहून घालवला. पुढचे दोन दिवस मात्र माझ्या संशयाने खाल्ले, आणि ते तिच्या जिवावर बेतू शकले असते. त्यानंतर निवृत्तीपर्यंत, चौकशीला कुणीही समोर बसले, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "कुठं काही लागलंय, चावलंय का?"