तड्याची पिल्लावळ

माझ्या आत्याला टाइलच्या कारखान्यात सगळे 'नापास' म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर 'आत्या' म्हणतात, तेही मी म्हणते म्हणून. एकतीस वर्षं ती एकाच लोखंडी टेबलापाशी उभी राहिली. भट्टीतून भाजून आलेली टाइल उचलायची आणि बोटाच्या पेराने वाजवायची. टण्ण वाजली की डावीकडे सरकवायची. बद्द वाजली की 'नापास' म्हणून खालच्या पिंपात आपटून फोडायची, म्हणजे मागच्या दाराने कुणी विकायला नको. चांगल्या टाइलला ती काहीच म्हणत नसे. चांगलं असणं हे टाइलचं कामच, त्यात कौतुक कसलं, असा तिचा खाक्या. मी परीक्षेत पहिली आले तेव्हाही 'बरं' एवढंच म्हणाली होती. तो 'बरं' मी अजून विसरलेले नाही.

मी त्याच कारखान्यात टाइलवर नक्षी छापणाऱ्या यंत्रावर आहे. दोन वर्षांपूर्वी डबा खाताना तिने मला फोनमधला एक फोटो दाखवला. तड्याचा. मग दुसरा, तोही तड्याचा. असे बाराशे फोटो निघाले.

"फोडायच्या आधी काढून ठेवते," ती म्हणाली. "बघ, मोठ्या तड्याला बारीक तडा फुटतो, त्याला आणखी बारीक. पुढे काय होतं गं? माझा डोळा पुरत नाही."

मी तिला कॉम्प्युटरवर फ्रॅक्टल दाखवलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. फ्रॅक्टल म्हणजे अशी आकृती, की तिच्यात जावं तितकं आत तीच आकृती लहान होऊन पुन्हा भेटते.

"आत काय आहे?" आत्याने विचारलं.

"तेच आहे."

"अजून आत?"

"तेच गं!"

ती पडद्याला नाक लावून बघत राहिली. "तेच आहे, पण तस्संच नाही. ह्याची शेपटी बघ, डावीकडे वळलीये."

आठवड्याभरात माझा जुना कॉम्प्युटर तिच्या स्वयंपाकघरात, डाळीच्या डब्यांशेजारी जाऊन बसला. तड्याचा फोटो घ्यायचा, भोवतालची टाइल पुसून नुसता तडा ठेवायचा, तो फ्रॅक्टलच्या फांद्यांवर चढवायचा आणि मग त्याला पोरं, नातवंडं, पणतवंडं होताना बघायचं. ह्याला तिने नाव दिलं 'पिल्लावळ'. रंगही फोटोतूनच घ्यायची. भट्टीच्या तोंडाचा नारिंगी, कपाच्या तळाशी वाळलेल्या चहाचा तपकिरी, आतोबांच्या स्वेटरच्या झिजलेल्या कोपराचा करडा. आतोबा बिचारे कोपर पुढे करून बसायचे. सुट्टीच्या दिवशी सकाळी मला फोन यायचा, "अगं, पिल्लावळीत आज मोराची मान निघाली. मी काढली नाही हं, आपली आपणच निघाली." मी उशी कानावर घ्यायचे. पण चहा झाला की बघायला जायचेच.

निवृत्तीला महिना उरला तेव्हा मालकांनी तिला काय हवं ते विचारलं. सगळ्यांना वाटलं, घड्याळ मागेल.

"कँटीनच्या भिंतीवर माझं एक चित्र हवं," आत्या म्हणाली. "आपल्याच टाइल्सवर."

मालक तयार झाले, पण एकदाच. अठ्ठेचाळीस टाइल्स. पुढच्या आठवड्यापासून भट्टीवर मोठ्या फरश्या सुरू होणार होत्या. हा लहान आकार कायमचा बंद. बाहेर येताना ती मला म्हणाली, "एकतीस वर्षं नुसतं फोडलं. माझ्या हातचं एक काहीतरी उभं राहू दे." तिला असं काही मागताना मी कधीच ऐकलं नव्हतं.

पिल्लावळीचं चित्र मी छापलं. टाइल्स भट्टीत गेल्या, बाहेर आल्या. 'चित्राचा माल, फोडू नये' ही चिठ्ठी मालासोबत पाठवायची होती. ती माझ्या खिशात राहिली.

आत्या तेव्हा ऑफिसात निवृत्तीच्या कागदांवर सह्या करत होती. टेबलापाशी तिच्या जागी येणारी बाई होती. तिला आम्ही चष्मेवाली म्हणतो. तीन महिने आत्याने तिला डोळ्यांत तेल घालून बघायला शिकवलं होतं. मला चिठ्ठी आठवली आणि मी धावत गेले, तोवर पिंप भरत आलं होतं.

"अख्खा लॉट तडकलाय!" चष्मेवाली घामाघूम होऊन म्हणाली. "एकही धड नाही!"

सतरा उरल्या होत्या. मागून आत्या येऊन उभी राहिली. तिने पिंपातून एक तुकडा उचलला, उलटसुलट केला.

"माझी चूक आहे, आत्या," मी म्हणाले. "चिठ्ठी माझ्याकडेच राहिली." मला रडू यायला लागलं.

आत्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "वाजवून बघितल्या का?" तिने चष्मेवालीला विचारलं.

"नाही. डोळ्यालाच दिसत होतं. तुम्हीच म्हणता ना, तडा दिसला की दयामाया नाही."

आत्या स्टुलावर बसली आणि मला वाटलं, आता रडणार. ती हसायला लागली. "माझ्या हाताखाली तयार झाली आणि फसली की गं! खरा तडा वाटला तिला!" हसता हसता डोळे पुसले. ते नुसतं हसण्याचं पाणी नव्हतं, हे मला कळलं.

मग तिने उरलेल्या सतरा वाजवायला घेतल्या. टण्ण, टण्ण, टण्ण. मोराची मान असलेली टाइल हातात आली. बद्द.

"राहू दे ना," चष्मेवाली काकुळतीला आली. "चित्रात लपून जाईल. भिंतीवर कोण वाजवायला जातंय?"

"मी," आत्या म्हणाली आणि तिने ती पिंपात आपटली. जित्याची खोड, दुसरं काय.

सोळा उरल्या. एकीची रेघ दुसरीला जुळेना. आत्या जमिनीवर फतकल मारून बसली आणि त्या फिरवत राहिली. ह्या फांदीला ती फांदी, त्या वळणाला हे. कुठलाही तुकडा घेतला तरी त्यात तीच पिल्लावळ होती, त्यामुळे कुठे ना कुठे नातं लागत गेलं. दुपारची शिफ्ट सुटली तरी तिघी तिथेच होतो. "अरे, हे कुठून आलं?" ती मधूनच म्हणायची. आम्ही वाकून बघायचो.

शेवटच्या दिवशी मालक कँटीनमध्ये आले. चार बाय चारचा तो चौकोन बघून थबकले. "हा तडकलेला माल भिंतीला कुणी लावला?"

आत्याने ताट खाली ठेवलं, भिंतीपाशी गेली आणि कोपऱ्यातली पहिली टाइल वाजवली. टण्ण.

"पास," ती म्हणाली.

एकतीस वर्षांत तो शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. दुसरी वाजवली. "पास." तिसरी. सोळाच्या सोळा टाइल्सना ती एकेक करून 'पास' म्हणाली, आणि कुणीही जेवलं नाही तोवर.