थंडावलं, माय

हे मी आजवर कोनाले सांगतलं नाही. बायकोलेही नाही. तुमाले काहून सांगून राह्यलो, ते मलेच समजत नाही.

तवा आमच्या मेडशीत पेपर दुपारच्या मोटारीनं यायचा, अन् हाटेलापुढं मी तो मोठ्यानं वाचायचो. कोरियाची लढाई पेटली तवा काय रंग भरे! तोफा मी तोंडानं वाजवायचो. तिकडची नावं धड उच्चारता येत नव्हती — पन कोनाले ठाऊक होतं? मानसं हातातला चहा तसाच ठेवून ऐकत.

गिरजामायचा एकुलता पोरगा आपल्या पलटनीसंग तिकडंच गेला होता, जखमी उचलाच्या कामाले. तिले वाचता येत नव्हतं. रोज येऊन बाजूले उभी राहे — अनवानी. तिकडची लढाई थंडावेपर्यंत पायात वहान घालनार नाही, असा तिनं पोहरादेवीले नवस बोलला होता. चैताच्या उन्हातही तशीच ये.

वरीस झालं. कोरिया पहिल्या पानावरून आत गेला, मंग खालच्या कोपऱ्यात. लढाई तीच — अक्षरं तेवढी बारीक झाली. पेपरवाल्याईले कायले दोष देऊ? मी त्या दोन ओळी वाचाले लागलो का मानसं उठाले लागत. शिळं कायले वाढतं, कापसाचा भाव सांग, म्हनत. अन् मले — खरं सांगतो — मानसं बसलेली पाहिजे होती. मी त्या ओळी गाळाले लागलो.

एक दिवस तिनं इचारलं, "भाऊ, कोरियाचं आताशा येत नाही काय?"

पेपर माह्या हातातच होता. कोपऱ्यात दोन ओळी होत्या, डोंगरावर गोळीबार चालूच असल्याच्या. मले दिसत होत्या.

"थंडावलं, माय," मी म्हनलं.

बातमी थंडावली, असं म्हनाचं होतं काय मले? नाही. तिले वाटेले लावाचं होतं, बस.

दुसऱ्या दिवशी ती नव्या वहाना घालून आली. करकर वाजत होत्या. समद्याईले तिनं गूळ वाटला. मीही खाल्ला.

मंग तार आली. पोरगा गेला होता. तार मलेच वाचा लागली — त्यातलं काही गाळता आलं नाही.

तिनं वहाना काढून बाजूले ठेवल्या. "म्याच घाई केली," म्हने. "नवस म्याच मोडला."

मरेपर्यंत ती हेच म्हनत राह्यली, अन् मरेपर्यंत अनवानी चालली. तिच्या दारावरूनच माही रोजची वाट होती. माय, तू नाही, मी खोटं बोललो — एवढंच म्हनाचं होतं ना? मी म्हनलं नाही.

पेपर मात्र मी पुढंही वाचत राह्यलो. मानसं बसत.