शाळेत विचारलेलं ‘काहून’

घरी आम्ही मराठी बोलायचो, पण बालाघाटच्या हिंदी शाळेत मी ते लपवायचो. माझ्या गल्लीतल्या मित्राला ते जमत नसे. ‘का’ला आम्ही ‘काहून’ म्हणतो. ते त्याच्या तोंडून सारखं निघायचं. वरच्या वर्गातल्या एका दांडगटानं त्याचं नावच काहून पाडलं. "ए काहून, पानी ला!" मधल्या सुट्टीत हाक यायची, मित्र नळावर जायचा आणि मीही सगळ्यांबरोबर हसायचो. मी काय करतोय, ते मला कळत होतं.

त्या वर्षी नागपूरहून आलेला माझा मामेभाऊ आम्हा दोघांना धान कापलेल्या बांधीत, मोकळ्या शेतात, कराटे शिकवायचा. "ठोसा मारतानी पोटातून वरड," म्हणायचा. माझा आवाज गळ्यातच अडकायचा.

एक दिवस मित्र तापानं घरी राहिला. दांडगटानं माझ्याकडे बोट केलं. "आज तू ला. तू भी तो उसी की गली का काहून है."

"काहून?" मी पोटातून ओरडलो. "काहून आणू? तुले हात नाही का?"

पोरं हसली, पण या वेळी त्याला. त्यानं मला बाकावरून ओढून बदडलं. कराटेतलं काहीच आठवलं नाही. मी त्याच्या मनगटाला चावलो. पाणी मात्र आणलं नाही.

संध्याकाळी माझा सुजलेला ओठ बघून मित्र म्हणाला, "माह्या पाळीले कुठं गेलता बे?"

तो बरा होऊन आल्यावर आम्ही दोघं नळावर गेलो, आपापलं पाणी प्यायलो आणि त्या दांडगटासमोरून मोठमोठ्यानं मराठीत बोलत वर्गात आलो.